मशीन धुते, पाणी टाकते, पण कपडे पिळत नाही. बोर्ड गेला म्हणतात, खरं असेल का?

कुळागरवाली (२ ऑगस्ट, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ एका गावात राहते. आमची वॉशिंग मशीन टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, साडेसहा किलोची. सात वर्षं झाली, आजवर एक पैशाचा त्रास दिला नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र स्पिनला जात नाही. पाणी भरते, धुते, पाणी बाहेर टाकते. मग ड्रम फिरायला लागतो न लागतो तोच हेलकावे खातो, धप धप आवाज येतो आणि थांबते. आणि गंमत म्हणजे आपणहून पुन्हा पाणी भरून घेते, थोडं घुसळते, पाणी टाकते, परत तोच प्रयत्न. दोन-तीनदा असं करून शेवटी शिट्ट्या मारत उभी राहते. उघडून बघावं तर कपडे पाण्याने निथळत असतात.

दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने झाकण उघडलं, बटणं दाबली आणि पाच मिनिटांत "बोर्ड गेलाय, सहा हजार आठशे" म्हणून सांगितलं. बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट.

घरात सासूबाई चार महिने अंथरुणाला आहेत. दिवसाला दोन-तीन चादरी, त्यांचे गाऊन, टॉवेल. हाताने पिळून पिळून माझी मनगटं सुजली आहेत. पडवीत दोऱ्या बांधल्यात, पण या पावसात तिसऱ्या दिवशीही कपड्यांचा दमट वास जात नाही. चवथ पंचवीस दिवसांवर आली, मुंबईहून दीर-जाऊ, मुलं सगळी येणार. बोर्ड बदलू का? की आधी आणखी काही बघता येईल? कोणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.

दुधसागर (रात्री ९.५८)

सात वर्षं म्हणजे मशीनने आपलं काम केलं. सहा-सात हजार जुन्यात घालण्यापेक्षा त्यात भर घालून नवीन घ्या. चवथीच्या आधी मडगावात, पणजीत सगळीकडे ऑफर लागतात. मी गेल्या वर्षी हेच केलं.

मांडवीकाठ (रात्री १०.०५)

थांबा, इतक्यात नवीन कशाला? आधी पाणी पूर्ण जातंय का ते बघा. आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम काढलं होतं. प्लंबरने निचऱ्याची नळी उचलून बेसिनखालच्या पाइपात खोचली. दिसायला एकदम नीटनेटकं. पण आमच्या मशीनला पंप नाही, तळाची झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने जातं. नळी वर चढवली की पाणी आतच राहणार. ड्रमच्या तळाशी चार बोटं पाणी राहायचं आणि मशीन स्पिनला जायचीच नाही. पाणी आहे असं तिला कळतं, मग ती फिरेल कशी? नळी खाली जमिनीलगत सोडली आणि त्याच दिवशी सुरू झाली.

अबोली (रात्री १०.२१)

वास्कोहून. आमची फ्रंट लोड आहे, तिचं दुखणं वेगळं होतं, पण लक्षण हेच: कपडे ओलेचिंब. खाली उजव्या कोपऱ्यात छोटं दार असतं, त्यामागे गाळणी. दोन वर्षांत ती कधी उघडलीच नव्हती. खाली परात ठेवून फिरवून काढली तर आतून निघालं काय: दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन, बोगमाळोच्या किनाऱ्यावरची वाळू, तीन शिंपल्या आणि एक काजूची बी! मुलगा मे महिन्यात आजोळी गेला होता, खिशात बिया भरून आणल्या होत्या. ती बी पंपाच्या पंख्यापाशी अशी बसली होती की पंप नुसता गुरगुरायचा. आता महिन्यातून एकदा गाळणी काढते आणि धुण्याआधी सगळ्यांचे खिसे उलटे करते.

ताई, तुमच्या टॉप लोडला अशी गाळणी नसेल, पण सांगून ठेवते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

सत्तरीकर (रात्री १०.४७)

आम्ही वाळपईकडे सेमी ऑटोमॅटिकवाले. मी सांगतो, पावसात सेमीसारखी मशीन नाही. तिची पिळायची टाकी मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे मारते. टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक साधारण सातशेच्या आसपास. सेमीतून काढलेली पँट पंख्याखाली रात्रभरात वाळते.

पण तीही एकदा बंद पडली होती. सुरू केली की हूं हूं करायची, टाकी जागची हलायची नाही, वर रबर जळल्याचा वास. मला वाटलं मोटर गेली. शेजारच्या मुलाने मागचं पत्र्याचं झाकण काढलं आणि टाकीच्या खालच्या दांड्याभोवती गुंडाळलेला माझाच रुमाल दाखवला. पिळायची जाळीची टाकी आणि बाहेरची टाकी यांच्यामधल्या फटीतून तो खाली गेला होता. म्हणून ते प्लास्टिकचं गोल झाकण असतं ना, कपड्यांवर दाबून ठेवायचं, ते न चुकता ठेवायला हवं. बायको सांगत होती, मी ऐकत नव्हतो. आता मीच सगळ्यांना सांगतो.

आणखी एक: सेमीचं झाकण उघडलं की एका तारेने ब्रेक लागतो. ती तार सैल झाली तर झाकण बंद असूनही ब्रेक अर्धवट घासत राहतो. तेव्हाही टाकी फिरत नाही.

जुना_वायरमन (३ ऑगस्ट, सकाळी ६.३०)

डिचोलीहून. चाळीस वर्षं वायरिंग आणि मोटरींचंच काम केलं, आता घरी आहे. बाय, बोर्डाला हात लावू नकोस. घाई करू नकोस. आधी मी काय म्हणतो ते नीट वाच.

बोर्ड गेलेली मशीन कशी वागते? सुरूच होत नाही, मध्येच बंद पडते, नाहीतर एखादं काम अजिबात करत नाही. तुझी मशीन काय करते? वेळेवर पाणी घेते, दोन्ही बाजूंना घुसळते, पाणी सोडते, पुन्हा पाणी घेऊन कपडे पसरायचा प्रयत्न करते. हा डोकं शाबूत असल्याचा पुरावा आहे. धुताना मोटर उजवीकडेही फिरते आणि डावीकडेही. म्हणजे दोन्ही दिशांना वीज सोडणारे बोर्डावरचे भाग चालू आहेत. स्पिनला त्यातलीच एक दिशा लागते. मग बोर्ड गेला हे त्याने कशावरून ठरवलं, हे त्याला विचारायला हवं होतं.

स्पिनला जाताना आत काय घडतं ते सांगतो. तळाशी एक छोटी ओढणारी मोटर असते. ती एक तार ओढते, त्याने निचऱ्याची झडप उघडते आणि त्याच ओढीने क्लचचा दांडाही सरकतो. दांडा सरकला की ब्रेक सुटतो आणि खालची चकती व ड्रम एकत्र बांधले जाऊन सगळं मिळून फिरायला लागतं. ही ओढ अपुरी पडली तर पाणी जातं, पण ड्रम फिरत नाही, नुसती चकती फिरते किंवा मोटर गुणगुणते. तुझा ड्रम फिरायला लागतो आणि मग हेलकावे खातो, असं तू लिहिलंस. म्हणजे क्लचही बहुतेक ठीक आहे.

आता चार गोष्टी करून मला सांग:
मशीन पूर्ण रिकामी ठेवून फक्त स्पिन लाव. फिरते का?
मग दोनच हलके कपडे समोरासमोर ठेवून लाव.
शिट्टी मारते तेव्हा काचेवर कोणती अक्षरं येतात ते लिहून घे.
मशीन कशावर उभी आहे?

शेवंती_काकू (सकाळी ७.१२)

वायरमन भाऊ अगदी बरोबर बोलले. आणि नवीन घ्या सांगणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं, घरात आजारी माणूस असलं की खर्च कुठून कुठून निघतात ते ज्याचं त्याला ठाऊक. सात वर्षं म्हणजे मशीनचं वय झालं असं नाही. माझी तेरा वर्षांची आहे.

दुधसागर (सकाळी ७.४०)

काकू, माझा हेतू वाईट नव्हता. माझ्या जुन्या मशीनवर मी आधी नऊ हजार घातले आणि सहा महिन्यांत ती पुन्हा बंद पडली. तेच ताईंचं होऊ नये एवढ्यासाठी लिहिलं.

शेवंती_काकू (सकाळी ७.४४)

कळलं रे बाबा. चिडले नाही मी.

तेरेखोल (सकाळी ८.०५)

झाकणाचा स्विच बघा. झाकण उघडं आहे असं मशीनला वाटलं तर ती स्पिन करत नाही. बऱ्याच मशीनमध्ये झाकणात छोटं लोहचुंबक असतं आणि चौकटीत त्याला ओळखणारा सेन्सर. झाकणाचा बिजागर झिजला की चुंबक जागेवरून सरकतं. आमच्याकडे तेच झालं होतं. एका ओळखीच्याने त्या दोन वायरी जोडून टाकल्या, तेव्हापासून झाकण उघडं असलं तरी फिरते, मस्त चालू आहे.

जुना_वायरमन (सकाळी ८.३०)

तेरेखोल, निदान योग्य, उपाय मात्र भयंकर. कृपा करून त्या वायरी आजच सोडवून घ्या आणि सेन्सर बदला, फार महाग नसतो. मिनिटाला सातशे फेरे घेणाऱ्या ड्रममध्ये ओली साडी फिरत असते. लहान मुलाने कुतूहलाने हात घातला तर कापड हाताला वेढा घालतं आणि ओढून नेतं. मी असा हात पाहिलेला आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

तेरेखोल (सकाळी ८.५२)

घरात चार वर्षांची भाची येते-जाते. आजच बोलावतो माणसाला. सांगितलंत ते बरं केलंत.

गालजीबाग (सकाळी ९.१५)

काणकोणहून वाचतोय. आमची सेमी आहे, तीही परवापासून पिळत नाही. सत्तरीकर, तुमच्यासारखाच हूं हूं आवाज. पण टाकी हाताने फिरवली तर सहज फिरते, काही अडकलेलं वाटत नाही.

जुना_वायरमन (सकाळी ९.४०)

गालजीबाग, टाकी हाताला मोकळी आणि मोटर गुणगुणते म्हणजे पहिला संशय कपॅसिटरवर. मोटरला पहिला झटका तोच देतो. तो अशक्त झाला की मोटरला जोर करता येत नाही, नुसती गरम होते. असा आवाज येत असताना मशीन चालू ठेवू नका, मोटर जळेल. मेकॅनिककडे मीटर असतो, कपॅसिटरच्या अंगावर जो मायक्रोफॅरडचा आकडा छापलाय त्याच्याशी ताडून बघायला सांगा. बरीच तफावत आली तर त्याच आकड्याचा नवीन. स्वतः मात्र हात घालू नका, प्लग काढल्यावरही त्याच्यात वीज साठून राहते.

आणि सगळ्यांसाठी एक गोष्ट: मशीन न्हाणीत असेल, खाली फरशी ओली असेल, तर अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपियरचा गळती पकडणारा ब्रेकर बसवून घ्या. बाहेरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात असं पावसात कितीतरी घरांतून ऐकलंय. त्या मुंग्या नव्हेत, तो करंट आहे.

कुळागरवाली (दुपारी २.२०)

एवढ्या जणांनी एवढ्या आपुलकीने लिहिलं, वाचून खूप धीर आला. सगळं करून बघितलं.

रिकामी लावली: फिरली! अगदी पूर्वीसारखी, शेवटी तो वेगाचा सूं आवाजही आला. सासूबाईंना आतल्या खोलीतून कळलं, "चालू झाली काय गो?" म्हणून हाक मारली.

दोन ब्लाउज समोरासमोर: फिरली, पण थोडी हलली.
दोन चादरी: नाही. तीच धप धप, आणि पुन्हा पाणी.
काचेवर अक्षरं 'यू' आणि 'ई'.

मशीन न्हाणीशेजारच्या पडवीत आहे. पावसात तिथे पाणी येतं म्हणून जूनमध्ये आम्ही तिला चाकांच्या लोखंडी स्टँडवर चढवली. निचऱ्याची नळी खालीच आहे, पाणी पूर्ण जातं.

जुना_वायरमन (दुपारी ३.०५)

रिकामी वेगात फिरली म्हणजे मोटर, पट्टा, क्लच, झाकणाचा सेन्सर आणि तुझा तो सहा हजार आठशेचा बोर्ड, सगळे शाबूत. 'यूई' म्हणजे भार एका बाजूला गेलाय, तोल नाही. काही कंपन्या 'यूबी' दाखवतात. पुन्हा पाणी घेते ते कपडे सारखे पसरावेत म्हणून.

पहिलं काम, ती स्टँडवरून खाली उतरव. चाकांच्या स्टँडवर मशीन स्थिर राहत नाही. पाणी येतं म्हणून उंच हवी असेल तर जांभ्याचे चिरे सपाट बसवून, वर सिमेंटचा पक्का ओटा करून घे. चारही पाय टेकले पाहिजेत. कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबून बघायचं, डुगडुगता कामा नये. नसेल तर पायाचा नट फिरवून उंची जुळवायची.

मांडवीकाठ (दुपारी ३.३०)

आणि ताई, एकटी जड गोष्ट टाकू नका. गोधडी, पायपुसणं, एकच जीन्स, हे पाणी पिऊन एका बाजूला चिकटतात. जड कपड्याला जोडीला दुसरा जड कपडा हवा.

अबोली (दुपारी ४.१०)

अवांतर: पावसात कपडे वाळवायला तुम्ही काय करता? माझी आजी बाळाची दुपटी निखाऱ्यावर उपडी टोपली ठेवून तिच्यावर पसरायची. वर चिमूटभर ऊद. त्या दुपट्यांचा वास अजून आठवतो. आता फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार?

शेवंती_काकू (दुपारी ४.३५)

आम्ही पण तसंच करायचो अबोली. माझ्या दोन्ही मुली त्या टोपलीवरच्या दुपट्यांत वाढल्या. आता रात्री जेवणं आटोपली की फ्रिजमागे मोजे, रुमाल. बाकी पंख्याखाली. आणि मशीनमध्ये स्पिन दोनदा लावायचं, दुसऱ्या खेपेलाही पाणी निघतंच.

तेरेखोल (संध्याकाळी ५.००)

अवांतरात भर: कोणाच्या कपड्यांवर पिवळट-तांबूस डाग पडतात का? आमच्या बोअरवेलच्या पाण्यात लोह आहे. बायकोने ब्लीच घातलं तर डाग आणखी गडद झाले.

मांडवीकाठ (संध्याकाळी ५.१८)

ब्लीच नकोच. क्लोरिनने लोहाचा गंज होऊन धाग्यात पक्का बसतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून बघा, नाहीतर बाजारात मिळणारं सायट्रिक ॲसिड. पाणी भरायच्या नळीच्या तोंडाशी जाळी असते, तीही काढून घासा, तुमच्याकडे लालसर गाळाने भरलेली असणार.

कुळागरवाली (५ ऑगस्ट, सकाळी १०.१५)

मशीन स्टँडवरून उतरवली. मिस्टरांनी चार चिरे मांडून वर फळी टाकली, पाय जुळवले, वाटीभर पाणी वर ठेवून सपाटी बघितली. फरक पडला. गाऊन आणि टॉवेल पिळून निघाले. पण चादरी घातल्या की पुन्हा तेच. एकदा तर ड्रम पत्र्यावर इतक्या जोरात आपटला की मी धावत जाऊन प्लग काढला. आता काय बघू?

शेवंती_काकू (सकाळी १०.५०)

बाय, एक विचारते. सासूबाई अंथरुणाला आहेत म्हणालीस. चादरीखाली रबरी चादर घालतेस ना? ती धुवायला कुठे टाकतेस?

कुळागरवाली (सकाळी ११.०२)

हो काकू. वरून कापडाची आणि खालून रबराची असते ती. मशीनमध्येच घालते, बाकीच्या चादरींबरोबर. का?

शेवंती_काकू (सकाळी ११.२०)

तेच वाटलं मला. आमचे हे गेले तेव्हा त्याआधी दीड वर्ष अंथरुणाला होते. मी पण सुरुवातीला तेच करायची. एके दिवशी मशीन अशी नाचली की भिंतीपासून दोन हात पुढे आली, वाटलं घर पडतंय. तेव्हा मेकॅनिकने मला हात जोडून सांगितलं, की मावशी, रबर, रेनकोट, प्लास्टिक हे स्पिनमध्ये कधी घालू नका.

जुना_वायरमन (सकाळी ११.४५)

काकू, तुम्ही दुखण्याचं मूळ पकडलंत. मी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

कारण असं. स्पिनमध्ये पाणी कपड्यातून आणि मग ड्रमच्या भोकांतून बाहेर फेकलं जातं. रबरी चादरीतून पाणी आरपार जात नाही. ती भोकं झाकून बसते आणि तिच्या घडीत पिशवीसारखं पाणी साठतं. ड्रम वेग घेतो, तोवर तोल ठीक असतो. मग अचानक ती घडी उलटते, पाणी एका बाजूने निघून जातं, आणि फिरत्या ड्रमचा तोल क्षणात जातो. ड्रम पत्र्यावर आदळतो. कंपन्यांच्या माहितीपुस्तकात हा इशारा असतो, पण ते पुस्तक कोण वाचतं? आपल्याकडे पावसात रेनकोट धुणारी कितीतरी घरं आहेत, त्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता बाय, तुझ्याकडे असं आदळणं कधी झालं होतं का?

कुळागरवाली (दुपारी १२.३०)

झालं होतं. आता तुम्ही विचारल्यावर तारखेनिशी आठवलं. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी. मी सासूबाईंना भरवत होते. पडवीतून असा आवाज आला की मांजर पळून गेलं. जाऊन बघते तर मशीन स्टँडसकट तिरकी. बंद करून पुन्हा लावली, चालली, म्हणून विसरून गेले. त्यानंतर दोनेक आठवडे ती थोडी जास्त हलायची, मग हे सुरू झालं. माझ्या हातूनच झालं म्हणायचं.

शेवंती_काकू (दुपारी १२.३८)

अजिबात तसं मनात आणू नकोस. आजारी माणसाचं करताना चादर कुठे धुवायची हा विचार करायला वेळ कुठे असतो? उलट तू रोज स्वच्छ चादर घालतेस, हेच किती मोठं आहे.

जुना_वायरमन (दुपारी १.१०)

मशीन दुरुस्त होणार, काळजी करू नकोस. आता हे बघ.

ड्रम ज्या मोठ्या टाकीत आहे ती टाकी चार कोपऱ्यांतून चार दांड्यांवर टांगलेली असते. सस्पेन्शन रॉड म्हणतात. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला स्प्रिंग आणि प्लास्टिकची वाटी, आत वंगण. टाकीचे हेलकावे तो दांडा खाऊन टाकतो. एक जरी निकामी झाला तरी टाकी त्या कोपऱ्याकडे कलते. रिकामी असताना चालून जातं, ओलं वजन आलं की टाकी हेलपाटते आणि मशीन 'यूई' म्हणून थांबते. तुझं लक्षण तंतोतंत हेच.

प्लग काढ. झाकण उघड. ड्रमची कड आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये चारही कोपऱ्यांत बोटं घालून अंतर बघ, सारखं आहे का. मग प्रत्येक कोपऱ्यापाशी टाकी तळहाताने खाली दाब आणि सोड. चांगला दांडा असेल तर टाकी वर येऊन तिथेच स्थिरावते. खराब असेल तर दोन-चारदा खालीवर नाचते.

कुळागरवाली (दुपारी २.०५)

बघितलं! पुढचे दोन आणि मागचा उजवा, तीन कोपऱ्यांत माझी चार-चार बोटं जातात. मागच्या डावीकडे दोनच, तीही दाबून. आणि तिथे दाबून सोडलं तर टाकी पाळण्यासारखी हलत राहिली. करकर आवाजही आला. बाकीच्या तीन ठिकाणी लगेच थांबते.

अबोली (दुपारी २.११)

सापडला चोर!!

सत्तरीकर (दुपारी २.४०)

वा वा! वायरमनकाका, डिचोलीत बसून फोंड्याची मशीन तपासलीत. आमच्या गावात तुमच्यासारखा एक माणूस हवा होता.

जुना_वायरमन (दुपारी ३.००)

काकूंनी रबरी चादर विचारली म्हणून सापडला.

बाय, दांडे चारही एकदम बदल, एकच नको. जुन्या तिघांचा जोर वेगळा आणि नव्याचा वेगळा, तोल पुन्हा बिघडतो. मशीनच्या मागच्या बाजूच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक फोटो काढून दुकानात दाखव, कारण लांबी आणि स्प्रिंगचा ताठरपणा मॉडेलप्रमाणे बदलतो. पुढचे आणि मागचे कधी कधी वेगळे असतात, टोकांना रंग असतो, तो बघून जागच्या जागी घालायचे. काम अवघड नाही, पण टाकी उचलून धरायला दुसरा माणूस लागतो, म्हणून मेकॅनिककडूनच करून घे. आणि बोर्ड बघतो म्हणाला तर नको म्हण.

दुधसागर (दुपारी ३.२५)

मी माझं मत मागे घेतो. आणि माझ्या जुन्या मशीनचंही असंच काहीतरी असेल का, हा विचार आता छळतोय. तीही पुन्हा पुन्हा पाणी भरायची.

कुळागरवाली (११ ऑगस्ट, रात्री ८.५०)

मंडळी, मशीन चालू झाली.

फोंड्यात दांडे मिळाले नाहीत. शुक्रवारी मिस्टर म्हापशाच्या बाजाराला गेले होते, तिथल्या सुट्या भागांच्या दुकानात मॉडेलचा फोटो दाखवला आणि मिळाले. चारही मिळून चौदाशे. आज ओळखीचा दुसरा मेकॅनिक आला. मागचे स्क्रू काढून वरचा भाग उचलला, मिस्टरांनी टाकी धरली, पाऊण तासात काम झालं. मजुरी सहाशे.

मागचा डावा दांडा काढला तेव्हा खालची वाटी त्याच्या हातातच सुटून आली, तिला उभी चीर गेली होती. स्प्रिंगवर गंजाचे पापुद्रे, वंगण काळ्या खळीसारखं घट्ट. बाकीचे तीन तसे धड होते, पण त्यांनाही गंज चढायला लागला होता. पडवीतल्या दमटपणाने असेल, असं तो म्हणाला. आता ताडपत्री मशीनवर थेट न टाकता पडवीच्या कडेला पडद्यासारखी बांधली आहे, म्हणजे पावसाचे शिंतोडे येणार नाहीत आणि वाराही खेळेल.

दुपारी चार चादरी एकदम घातल्या. मी पाटावर बसून शेवटपर्यंत बघत होते. एकदाही थांबली नाही. रबरी चादर आता न्हाणीत ब्रशने घासते आणि उभ्या दांडीवर निथळत ठेवते. आणखी एक आणली आहे, आलटून पालटून वापरायला.

वायरमनकाका, शेवंती काकू, सगळेच, देव बरें करूं. चवथीला फोंड्याच्या बाजूला आलात तर आमच्याकडे नेवऱ्या खायला नक्की या.

शेवंती_काकू (रात्री ९.०५)

बरं वाटलं गो वाचून. आता मनगटांना दोन दिवस तिळाचं तेल लाव आणि विश्रांती दे. नेवऱ्या करायच्यात ना त्याच हातांनी.

तेरेखोल (रात्री ९.३०)

अभिनंदन ताई. माझ्याकडचंही सांगतो, झाकणाचा सेन्सर बदलला. झाकण उचललं की ड्रम थांबतो आता. भाचीसमोर चारदा उघडून बघितलं.

गालजीबाग (१२ ऑगस्ट, सकाळी ७.२०)

आमचीही झाली. कपॅसिटरच होता. दहाचा होता, मीटरवर चारसुद्धा दाखवत नव्हता. नवीन घातला, पहिल्या झटक्यात टाकी फिरली. सत्तरीकर, तरीही मागचं झाकण उघडलंच होतं म्हणून खाली बघितलं, तर तिथे रुमाल नव्हता, मुलीचा एक मोजा होता. चतकोर वर्ष शोधत होतो तो.

सत्तरीकर (सकाळी ७.४१)

दुसरा मोजा टाकून दिला नाहीत ना?

गालजीबाग (सकाळी ७.४५)

जपून ठेवलाय. पण पाय मोठा झाला तिचा. आता शेजारच्या बाळाला दोन्ही देतो.